ताईचे सहा झगे

प्रिय ताई,

तुझं खोकं पोचलं त्याला आज तेवीस दिवस झाले. सहा झगे, घड्या अगदी तुझ्या पद्धतीच्या, बाह्या आत घेतलेल्या, आणि प्रत्येकाच्या गळ्याला टाचलेली चिठ्ठी: ‘मागची चेन काढ. पुढून पूर्ण उघडा कर. बटणं मोठी लाव.’ सहाही चिठ्ठ्यांवर तेच. फोनवर मी ‘पोचलं गं’ एवढंच म्हणाले आणि तू म्हणालीस, ‘सावकाश कर, मला काही घाई नाही.’ घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं असतं, हे दुकानात तूच मला दाखवलं होतंस. तरीही या तेवीस दिवसांत मी त्यातला एक टाकासुद्धा उसवलेला नाही. डोळे ठीक आहेत, मशीन ठीक आहे, कामही सध्या बेताचंच आहे. रोज मी ते झगे कापायच्या टेबलावर मांडते, कात्री हातात घेते आणि पुन्हा घडी करून ठेवते. असं का, ते सांगायला हे पत्र. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

सुरुवात माझ्या उजव्या खांद्यापासून करावी लागेल. तुला त्यातलं काही ठाऊक नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं. हे गेले त्यानंतरच्या थंडीत खांदा धरला. आधी वरच्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा निघेना, मग केस विंचरताना हात डोक्यामागे पोचेना. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, हालचाल ठेवा. मी काय केलं असेल? दोऱ्यांचा डबा खालच्या फळीवर आणला. केस कापून टाकले. मागची चेन ओढता येईना, म्हणून माझ्या सगळ्या झग्यांच्या चेनी काढून पुढे बटणं लावली, बाह्यांचे मुंढे दोन-दोन बोटं वाढवले. वाकून बूट बांधता येईनात, तेव्हा नाड्या काढून तिथे इलॅस्टिक शिवलं. गुडघे दुमडेनात म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून घेतले. दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून माप घेता येईना, म्हणून एक उंच स्टूल आणलं आणि गिऱ्हाइकालाच वर चढवायला लागले. तक्रार कुठेच केली नाही. उलट मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटायचं. अंग एक इंच आखडलं की मी कपडा एक इंच सैल करत होते. चाळीस वर्षं लोकांसाठी हेच केलं ना आपण? माणूस बदलला की शिवण सोडायची, नाहीतर दाबायची. माणसालाच थोडं सैल करता येतं, हे शिंपिणीच्या डोक्यात कुठून येणार! लेक दोन महिन्यांनी एकदा यायची आणि दारातूनच म्हणायची, ‘आई, तुझं घर दर वेळी बुटकं होत चाललंय.’ मला ती थट्टा वाटायची. आता आठवते तेव्हा कळतं की तिच्या आवाजात थट्टा फार थोडी होती.

मागच्या वर्षाच्या सुरुवातीला दुकानात एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, उंच, खांदे दाराच्या चौकटीएवढे, आणि आवाज असा की टेबलावरचा खडू घरंगळावा. एकोणतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली. निवृत्त झाल्यावर रीतसर शिकून आल्या आणि आता पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर वय झालेल्यांना योगासनं शिकवतात. सगळे त्यांना बसवाल्या बाईच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. हातात अकरा पँटी, त्यातली एक स्वतःची. म्हणाल्या, ‘माझी माणसं यात पाय अडकून पडतात. सगळ्या घोट्याच्या वर घ्या.’ मी नेहमीप्रमाणे त्यांना स्टुलावर चढवलं. टेपचं एक टोक त्यांना कमरेशी धरायला दिलं, दुसरं पायाखाली दाबायला सांगितलं, आणि मी खुर्चीत बसून आकडा वाचला. त्या वरून म्हणाल्या, ‘बाई, माप तुम्ही घेताय की मी?’ मी हसले, पण कान गरम झाले. उतरताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांची ती नजर मला आता चांगली ओळखीची झाली आहे; चाळीस प्रवाशांतून धक्क्याने पडेल असा म्हातारा त्या बसच्या आरशातून बरोबर शोधायच्या, तशी. ‘बाकीच्यांची मापं घ्यायला बुधवारी नऊला वर्गावर या,’ म्हणाल्या. ‘स्टूल आणू नका. जिना चढून याल तेवढं पुरे.’

गेले, ते फक्त पँटी टाचायला. हॉलमध्ये अकरा खुर्च्या, खालच्या तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास, खिडक्यांच्या काचांवर वाफ. मी कोपऱ्यात टाचण्यांची डबी घेऊन बसले. बाईंनी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘बसलाच आहात तर तुम्हीही करा. तिकीट लागत नाही.’ डावा हात गेला. उजवा खांद्याच्या रेषेत येऊन थांबला, आणि थांबला तो थांबलाच, जणू माझ्या बाहीत कुणी दुसऱ्याचाच हात बसवला होता. सगळ्यांसमोर इतकी लाज वाटली ताई, की डबी उचलून पळावंसं वाटलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ कुजबुजले, ‘घाबरू नका. मी छत बघितल्याला सहा वर्षं झाली.’ ते दातांचे निवृत्त डॉक्टर. लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून त्यांची मान पुढे वाकली ती वाकलीच. पुढे म्हणतात, ‘जन्मभर लोकांना आ करायला सांगितलं, आता ही बाई मला श्वास सोडायला सांगते. फिटंफाट झाली.’ मला खुदकन हसू आलं आणि हसताना हात बोटभर वर गेला. मी पाहिलं नाही, बाईंनी पाहिलं. ‘हां, गाडी सुटली,’ एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी नऊला मी तिथे असते. बाईंनी आधी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली, आणि मग पहिला महिनाभर दुसरं काही न शिकवता फक्त जमिनीवरून उठायला शिकवलं. ‘आधी उठायला शिका, मग खाली बसा,’ असं त्यांचं म्हणणं. कुशीवर वळायचं, एक तळवा टेकायचा, मग गुडघे, मग खुर्चीची बैठक धरून एक पाय पुढे, आणि वर. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी खुर्चीच्या पायाला धरून अशी काही लोंबकळले की ते दातांचे डॉक्टर म्हणाले, ‘मी असल्या अडकलेल्या दाढा खूप काढल्यात, पण आज अवजारं आणली नाहीत.’ अकरा म्हातारी माणसं हसून हसून खोकली. आणि नंतर, जेव्हा सगळे पाठीवर पडून शवासनात शांत झाले, तेव्हा मी वर पाहिलं. सात वर्षांत मी जमिनीवर पाठ टेकली नव्हती. खालून खोली केवढी उंच दिसते गं! लहानपणी दुकानाच्या टेबलाखाली चिंध्यांत पडून आपण दोघी वर बघायचो, तशी. माझ्या कानात आसवं गेली आणि ती पुसायला हात उचलायचाही कंटाळा आला, इतकं बरं वाटत होतं.

मी चमत्कार वगैरे सांगत नाहीये. गुडघे अजून वर्गात माझ्यापेक्षा जास्त बोलतात. एका पायावर उभी राहिले की अजून भिंतीला बोट लावावं लागतं. पण साधं सरळ उभं राहणं, ज्याला ताडासन म्हणतात, ते मला पासष्टाव्या वर्षी कळलं. आपण हजारो माणसांची मापं घेतली ताई. ह्याचा डावा खांदा खाली, हिची कंबर तिरकी, सगळं एका नजरेत दिसायचं आणि अस्तर लावून झाकायचो. माझा स्वतःचा उजवा खांदा बोटभर वर चढलेला आहे आणि मी डावीकडे कलते, हे मला बाईंनी आरशासमोर उभं केलं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतक्या वर्षांत मी आरशात कपडा बघत होते.

आता पुढचं जरा अवघड आहे. सहाव्या महिन्यात एका शनिवारी वर्ग संपला, सगळे बूट घालत होते, आणि डॉक्टर मोजा घालत होते. एक मोजा. पाय गुडघ्यावर घ्यायचा, तो घसरायचा, पुन्हा घ्यायचा, मोजा टाचेपर्यंत यायचा आणि निसटायचा. पाच मिनिटं झाली, सात झाली, त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्याच्याने बघवेना. मी उठले आणि त्यांच्याकडे निघाले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाल्या, ‘त्यांचा मोजा त्यांचा आहे. तुम्ही बसा.’ मी म्हटलं, ‘अहो, माणसाला त्रास होतोय.’ तर म्हणाल्या, ‘होतोय ना. मलाही होतोय. म्हणून तर हात मागे बांधलेत.’ आणि खरंच, त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. मी तशीच जिना उतरले. बुधवारी गेले नाही. शनिवारीही नाही. लेकीला फोनवर सांगितलं की ती बाई दगड आहे. पण रागावले होते ती बाईंवर नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर मोजा नव्हताच, शर्ट होते. ह्यांचे सात शर्ट.

तुला ते आठवत असणारच. ज्या माणसाने जन्मभर शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हात सदा डोक्याच्या वर, त्या माणसाचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडला. दवाखान्यातून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती मला बजावून गेली होती, ‘काकू, बटणं त्यांनाच लावू द्या. अर्धा तास लागला तरी लागू दे. तोच व्यायाम.’ पहिले काही दिवस मी बघितलं. काजात बटण जायचं नाही, ओठ दाताखाली, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मी शिंपीण आहे की कोण? एका दुपारी बसून सातही शर्ट पाठीतून उघडे केले, पुढची पट्टी शिवून बंद केली आणि मागे चर्रकन उघडते ती चिकटपट्टी लावली. हात समोर धरायचे, मी मागून लावून टाकायची. अर्धं मिनिट. हे म्हणाले, ‘वा, शिंपीणबाई.’ तू भेटायला आलीस तेव्हा एक शर्ट उलटसुलट करून बघितलास आणि म्हणालीस, ‘डोकं चालवलंस हो!’ तुझ्या तोंडून असलं वाक्य जन्मात दोनदा ऐकलं असेन. मी महिनाभर त्यावर जगले. ती व्यायामाची मुलगी मात्र शिवणीवरून बोट फिरवून ‘शिलाई छान आहे, काकू’ एवढंच म्हणाली. तीन-चार महिन्यांत हात छातीशी आखडला आणि तीन वर्षं, शेवटपर्यंत, तसाच राहिला. मी परवा डॉक्टरांना विचारलं. माझे खरे डॉक्टर, दातांचे नाहीत. ते म्हणाले, कदाचित तसाही आखडला असता, कदाचित नसता. आता कुणी सांगू शकत नाही. तेवढं मला मान्य आहे. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. झटक्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा हे मला म्हणाले, ‘माझा एक बटणांचा शर्ट असेल का गं कुठे?’ मी म्हटलं, ‘कशाला उगाच त्रास?’ त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मला हे सगळं त्या दोन आठवड्यांत दुकान अर्धं बंद करून बसल्यावर समजलं. प्रेम होतं गं, प्रेमच होतं. पण मला त्यांचा त्रास बघण्याचा त्रास नको होता, आणि तो मी त्यांच्या अंगावर शिवून टाकला. सातातला एक शर्ट मी ठेवला होता, निळ्या चौकड्यांचा. तो काढला. पाठ शिवून बंद केली, पुढची पट्टी उघडली, काजं हाताने केली, सात बटणं लावली. चार दिवस लागले. मग तो अंगात घातला आणि फक्त उजव्या हाताने, माझ्या त्या दुखऱ्या हाताने, खालून वर एकेक बटण लावत गेले. बराच वेळ गेला. त्या वेळात आभाळ कोसळलं नाही. वर पोचेपर्यंत मी रडत होते आणि सातवं बटण लागलं तेव्हा ते माझ्यावर रागावलेत असं नाही, सोबत बसलेत असं वाटलं. बुधवारी तोच शर्ट घालून वर्गावर गेले. बाईंनी वरून खाली बघितलं. ‘मोठा आहे,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘हो.’ ‘हात हलवायला बरा,’ म्हणाल्या आणि वर्ग सुरू केला. एवढंच. मी का गेले नव्हते, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. आणि हो, डॉक्टर आता मोजा तीन मिनिटांत घालतात. घातला की पाय वर करून सगळ्यांना दाखवतात. निर्लज्जपणे.

मागच्या महिन्यातली बातमी तर तुला सांगायलाच हवी. तू शिवलेला तो गडद हिरवा झगा आठवतो, माझ्या पन्नाशीला पाठवलेला? माझ्या सगळ्या कपड्यांची मी चिरफाड केली, पण तुझ्या शिलाईला कात्री लावायची छाती झाली नाही. तो पाच वर्षं कपाटात टांगलेला होता. मागच्या महिन्यात एका सकाळी तो काढला. डावा हात खालून पाठीवर, उजवा हात वरून मानेमागे, बाईंनी चौदा महिने घोटून घेतलं तसं. चेन कमरेतून अर्ध्या पाठीपर्यंत डाव्या हाताने, आणि तिथून वर उजव्याने. मधल्या वितीत हातात काहीच येत नव्हतं. श्वास सोडला, थांबले, पुन्हा. अकराव्यांदा चेनीची ती छोटी जीभ उजव्या हाताच्या बोटांना लागली. कुर्र करून वर गेली. कुठे जायचं नव्हतं, तरी तशीच खाली उतरले आणि शेजारच्या लाँड्रीत गेले. लाँड्रीवाली म्हणाली, ‘आज कुठे दौरा?’ म्हटलं, ‘इथेच आले होते. माझ्या मागे बघ जरा, चेन वरपर्यंत गेलीय का?’ ती म्हणाली, ‘गेलीय की. कुणी लावून दिली?’ हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणूनच मी खाली उतरले होते.

त्या दिवसापासून मला सगळ्यांचे आभारच मानावेसे वाटतात, वेड लागल्यासारखे. बसवाल्या बाईंचे, त्यांनी मागे बांधलेल्या हातांसाठी. डॉक्टरांचे, ते माझ्यादेखत घामाघूम झाले म्हणून. लेकीचे, तिने घर बुटकं झाल्याचं पाच वर्षं सांगितलं आणि मग एके दिवशी येऊन पलंगाखालचे ठोकळे काढून दिले, ‘मी सांगितलं नव्हतं?’ हे वाक्य न म्हणता. ह्यांचे, ज्यांनी एकदा तरी शर्ट मागितला. या गुडघ्यांचे, कुरकुरत का होईना, येतात बरोबर. आणि तुझे. तुझे का, ते आता सांगते.

रविवारी भाच्याचा फोन आला होता. ‘मावशी, आईचे झगे झाले का?’ इतकं घाईचं काय, मी विचारलं. मग म्हणाला की सूनबाई रोज सकाळी चेन लावून द्यायला जाते आणि तू आतून कडी लावून घेतेस. म्हणाला, आई रात्रीच्याच गाऊनमध्ये दिवस काढते, बाहेर येत नाही, ताट खोलीतच मागवते. महिना झाला म्हणे. मला तू यातलं अवाक्षर बोलली नाहीस. आणि मी तरी तुला खांद्याचं कुठे सांगितलं होतं? आपण दोघी एकाच कापडाच्या. पण फोन ठेवल्यावर मी त्या सहा चिठ्ठ्या पुन्हा ओळीने मांडल्या, आणि पहिल्यापासून सहावीपर्यंत तुझं अक्षर कसं खाली घसरत गेलंय ते बघितलं. हात दुखत होता ना लिहिताना? तरी सहाही लिहिल्यास. एका कागदावर एकदा लिहून भागलं असतं.

मी सहा वर्षांची होते आणि तू चौदाची. आई गिऱ्हाइकांकडे गेलेली, दुकानात आपण दोघी. मला सुईत दोरा ओवायचा होता आणि तू ओवून देत नव्हतीस. दुपारभर मी दोऱ्याचं टोक तोंडात घालून घालून त्याचा पार कुंचला केला, सुई दोनदा फेकली, तुला दुष्ट म्हणाले, आईला नाव सांगेन म्हणाले. तू समोर बसून होतीस, आपले दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांखाली दाबून. मला वाटायचं, तुला थंडी वाजतेय. साठ वर्षं मला तसंच वाटत होतं. संध्याकाळी दोरा गेला तेव्हा तू शाबास म्हणाली नाहीस. म्हणालीस, ‘आता गाठ मार, टाचणे.’ ताई, फोनवर तू ‘कर’ म्हणालीस तर मी ‘हो’ म्हणेन, आजवर तुला कधी नाही म्हटलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. मी तुझे पाच झगे करणार नाही. एक करते, करड्या रंगाचा, पुढून उघडा, मोठ्या बटणांचा. ज्या दिवशी खरंच जमणार नाही त्या दिवशी तो घाल आणि लाज वाटून घेऊ नकोस. बाकीचे पाच तसेच आहेत आणि ते घेऊन येत्या शुक्रवारी दुपारच्या गाडीने मी तुझ्याकडे येतेय, महिनाभरासाठी. भाच्याला सांगितलंय, तुझ्या डॉक्टरांची चिठ्ठी काढून ठेवेल. तू खोलीची कडी काढून ठेव, फक्त माझ्यासाठी. सकाळी तू चेन लावायला लाग. मी समोर बसेन, तळवे मांड्यांखाली दाबून. तू मला दुष्ट म्हण, आईला नाव सांगेन म्हण, दुपार झाली तरी होऊ दे. मी उठणार नाही.

पहिल्या गाठीपासून
तुझीच,
टाचणी